अड्याळच्या फायनलवर फिरलेला बोळा

कुंताबाईच्या तोंडून 'बरोबर आहे' हे दोन शब्द गेले शुक्रवारी दुपारी, आणि मंगळवार उजाडला तरी बाईच्या जिवाला थारा नव्हता. घरात बसवेना, अंगणात उभं राहवेना. स्वयंपाकघरात जावं तर तिथे सुनेचं राज्य, आणि सुनेच्या ओट्यावर सासूने हात मारलेला सुनेला खपत नाही. मग ती दारातल्या पायरीवर बसायची, पदराच्या टोकाने पायरी पुसायची, आणि पुसून झाली की पुन्हा तीच पुसायची.

"आई, झिजन ना ते पायरी," सून डिंपल म्हणाली.

"झिजू दे. तुया बापाची आहे का?" कुंताबाई बोलून गेली, आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण डिंपलचा बाप मागच्याच उन्हाळ्यात गेला होता. डिंपल आत निघून गेली. उलट बोलली असती तर बरं झालं असतं, भांडणात तरी तास-दोन तास गेले असते.

झालं होतं ते असं. लाखांदूरहून गुंजन नावाची एक मुलगी आली होती. भंडाऱ्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकणारी, केस आखूड कापलेली, बोलायला गोड. शेवटच्या वर्षासाठी तिने विषय घेतला होता अड्याळच्या बंद पडलेल्या टेनिस स्पर्धेचा. त्याची छापील पुस्तिका निघणार होती आणि जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांना वाटली जाणार होती. पायरीवर बसता बसताच तिने सांगून टाकलं की आपण त्या स्पर्धेत खेळलेल्या घनश्याम गुरुजींची नात. ते ऐकून कुंताबाईने पाण्याचा गडू द्यायचा सोडून हातातच धरून ठेवला. मग पोरीने वही उघडली आणि वाचून दाखवलं: "'एकोणीसशे एकोणनव्वदच्या अंतिम सामन्यात मैदान सारवणाऱ्या एका बाईने चेंडूचा डाग पुसून टाकल्यामुळे वाद झाला, आणि तेहतीस वर्षांची ही परंपरा कायमची बंद पडली.' ते बाई म्हणजे तुमीच ना, आजी? बरोबर लिवलं ना मी?"

"बरोबर आहे," कुंताबाई म्हणाली.

आता कोणी विचारेल, चूक होतं तर बरोबर कशाला म्हणायचं? अहो, ज्या बाईला जन्मभर कोणी काही विचारलंच नाही, तिला एकदम कोणी वही उघडून विचारलं तर ती काय बोलणार? घरी आलेल्या परक्या पोरीला तोंडावर खोटं पाडायचं कसं? तोंडाला आलं ते बोलून गेली आणि चहा टाकायला आत वळली. पोरगी गेली, आणि तेव्हापासून बाई पायरी पुसत बसली. कारण वहीतलं ते वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात एक माणूस गाळलेला होता. आणि गाव बोलतं ते वाऱ्यावर जातं, छापलेलं मात्र आपण मेल्यावरही पोरंसोरं मोठ्याने वाचतात.

टेनिससारखा साहेबी खेळ अड्याळात कुठून आला, हे आधी सांगायला हवं. सत्तावन्न सालची गोष्ट. जंगल खात्याचा एक साहेब बदलून आला आणि महिन्याभरात कंटाळून गेला. जबलपूरला असताना रोज संध्याकाळी टेनिस खेळायची सवय. त्याने रेस्ट हाउसच्या बाजूची पडीक जागा साफ करवली, मुरूम टाकवला, वर तलावाच्या गाळाची माती पसरवली, दोन बैलांचा रूळ फिरवला. चार दिवस ऊन लागलं आणि त्या मैदानाला अशा भेगा पडल्या की चेंडू भेगेत अडकून बसायला लागला. साहेब डोक्याला हात लावून बसला.

तिथे माती वाहायला कुंताबाईची सासू रंभाबाई होती. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. साहेबाने विचारलं, का हसतेस? तर म्हणाली, "साहेब, तुमी खळं नाही करून पाह्यलं का कधी? धान मळाचं खळं असं भेगाळलं तर दाने सारे भेगेतच जातीन ना जी." दुसऱ्या दिवशी तिने चार बाया आणल्या, शेण कालवलं, आणि आख्खं मैदान हाताने सारवून काढलं. एकावर एक सात हात दिले. साहेबाने त्यावर चेंडू आपटून पाहिला, आणि चेंडू उसळला. अड्याळचं टेनिस कोर्ट हे असं धानाच्या खळ्यावर उभं राहिलं. पुढे तेहतीस वर्षं मोठमोठे साहेबलोक पांढरे कपडे घालून शेणावर पळत होते, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

साहेबाने स्पर्धा सुरू केली ती मंडईच्या आठवड्यात. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. लेकी-जावई, पाव्हणेरावळे जमतात, दिवसा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ आणि रात्री नाटक. माणसं जमलेलीच असतात, तर त्यांनी टेनिसही पाहावं, असा साहेबाचा हिशेब. कागदावर नाव भारी होतं, 'पूर्व विदर्भ खुली टेनिस स्पर्धा', पण लोकांनी तिला 'मंडईची टेनिस' करून टाकलं. भंडाऱ्याचे डॉक्टर यायचे, गोंदियाचे रेल्वेतले साहेब यायचे, नागपूरहून वकील यायचे. जिंकणाऱ्याला सागवानाची मोठी ढाल मिळायची. पंच बसायचे त्या लाकडी खुर्चीला शिडी होती, शेत राखायला मचाण बांधतात तशी ती उंच. त्या मचाणावरून पंच ओरडायचे, "पंधरा, लव!" आणि कडेला बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, लव आहे तर कुश कुठे आहे वं?

कुंताबाई एकोडीची लेक. अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन अड्याळात आली तेव्हा सासूचे गुडघे गेले होते, म्हणून सासूने तिला हळदीच्या अंगाने कोर्टावर नेलं. पोरीचा हात पाहिला आणि म्हणाली, "हात हलका आहे तुया. जमते तुले." सासूच्या तोंडून कौतुक निघालं ते तेवढंच, पण कुंताबाईला ते जन्मभर पुरलं. मंडई आली की पंधरा दिवस आधीपासून ती आणि तिघी बाया पहाटे शेण कालवायच्या. शेण गाईचं, ताजं पाहिजे, म्हशीचं चालत नाही. पाणी किती, माती किती, हे सारं बोटाला कळायचं. सारवून वाळलं की देवाजी नावाचा क्लबचा शिपाई दोरी लावून चुन्याच्या रेघा ओढायचा. कुंताबाईच्या सारवलेल्यावर पाय ठेवायला साहेबांनासुद्धा भीती वाटायची. तिला ते फार आवडायचं.

खेळ सुरू असतानाही तिचं काम असायचं. शेणाच्या जमिनीवर चेंडू जोरात पडला की डाग उमटतो, कोंबडीच्या अंड्याएवढा. ते डाग तसेच राहिले तर पुढच्या चेंडूचा डाग कोणता आणि मागचा कोणता, याचा घोटाळा होतो. म्हणून रेघेच्या बाहेर कुंताबाई जुन्या धोतराचा ओला बोळा घेऊन बसायची. नियम साधा होता: खेळणाऱ्याने सांगितलं, "बाई, पुसा," की लगेच वाकायचं, बोळा फिरवायचा आणि मागे सरायचं. अकरा वर्षं तिने हेच केलं. कोणी साहेब पुसा म्हणाला आणि तिने पुसलं नाही, असं कधी झालं नाही.

मग ते एकोणनव्वद साल आलं.

त्या वर्षी अड्याळचा माणूस पहिल्यांदा फायनलला पोचला. घनश्याम गुरुजी. बाप साधा शेतकरी, पोरगा प्राथमिक शाळेत मास्तर. साहेबांनी टाकून दिलेल्या रॅकेटने शिकलेला, उंच, सडपातळ, पळायला हरणासारखा. बत्तीस वर्षं गावाने दुसऱ्यांच्या खेळाला टाळ्या वाजवल्या होत्या आणि आता गावचाच माणूस उभा होता, समोर नागपूरचे एक वकील. मंडईत त्या दिवशी दुपारी दंडारीवाल्यांना प्रेक्षकच मिळेनात. शेवटी दंडारीवाले स्वतःच डोक्याला फेटे तसेच ठेवून कोर्टाच्या भिंतीवर येऊन बसले. कुंताबाईचा नवरा सेवकरामही त्या भिंतीवर होता.

एक सेट वकिलाचा, एक गुरुजींचा. तिसऱ्यात वकील पुढे. आणखी एक गुण मिळाला की सामना वकिलाचा, ढाल वकिलाची. वकिलाने चेंडू असा लांब मारला की गुरुजी नुसते वळून बघत राहिले. चेंडू त्यांच्या मागे रेघेपाशी पडला. रेघेवर नजर ठेवायला देवाजी बसला होता. त्याने हात वर केला: बाहेर. भिंतीवरून आरोळी उठली. वकिलाने रॅकेट उंचावली आणि पंचांना म्हटलं, खाली या आणि डाग बघा. पंच शिडी उतरायला लागले. जाडजूड माणूस, एकेक पायरी शोधत उतरत होता.

तेवढ्यात गुरुजी डागापाशी आले. त्यांनी वाकून पाहिलं, रॅकेटचं टोक डागाशेजारी टेकवलं आणि हळू आवाजात म्हटलं, "बाई, पुसा."

कुंताबाई वाकली. डाग तिच्या नजरेसमोर होता, हातभर अंतरावर. डागाची एक बाजू पांढरी होती. चेंडूने रेघेचा चुना बोटभर फाडून नेला होता. म्हणजे चेंडू रेघेवर पडला होता. म्हणजे आत. हे तिला कळलं आणि हात पुढे गेला, की हात पुढे गेला आणि मग कळलं, हे ती पुढे किती वर्षं स्वतःला विचारत राहिली. बोळा फिरला. पंच येऊन पोचले तेव्हा तिथे ओलं, गुळगुळीत, नुकतंच सारवलेलं मैदान होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वकील ओरडले, पंचांनी देवाजीचा हात ग्राह्य धरला, वकिलाने पुढे खेळायला नकार दिला आणि ते मोटारीत बसून निघून गेले. ढाल गुरुजींना मिळाली. पुढच्या वर्षी नागपूरचं कोणी आलं नाही, गोंदियाचं कोणी आलं नाही, आणि स्पर्धा बसली ती बसलीच.

खरं पाहिलं तर ती तशीही बसणारच होती. खेळणारे साहेब बदलून जात होते, नवे येत होते ते क्रिकेटवाले. घरोघर टीव्ही आले होते. रेस्ट हाउसची जागा दुसऱ्या खात्याकडे गेली होती. पण गावाला पाच कारणं लक्षात ठेवायचा कंटाळा येतो. एक बाई सापडली तर तेवढं पुरतं. शिवाय आपल्या भाषेत चालू कामाचा कोणी विचका केला की म्हणतात, बोळा फिरवला. इथे तर खराच बोळा, खराच फिरलेला. मग काय, गावाला आयतंच सापडलं. कुंताबाईचं नाव पडलं 'बोळावाली'. सुरुवातीला हसून म्हणायचे, मग सवयीने म्हणायला लागले, आणि मग कोणाला आठवेनासं झालं की हे नाव का पडलं. कोणाचं लग्न मोडलं, कोणी निवडणूक हरलं, की म्हणायचे, बोळावालीचा हात लागला असन. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे, पण नव्या नवरीची ओटी भरायला पुढे करायचे नाहीत. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

गुरुजींची कथा वेगळी नव्हती. ढाल घरात होती, पण पोरं मागून म्हणायची, बोळ्याचा चँपियन. वर्षभरातच त्यांनी लाखांदूरला बदली करून घेतली. पुढे कुठे लग्नकार्यात गाठ पडली तरी कुंताबाईला पाहून ते तोंड फिरवायचे. तिला वाटायचं, त्यांना तरी आठवत असेल की पुसा कोणी म्हटलं. पुसा कोणी म्हटलं, तेवढं तिने त्या रात्री सेवकरामला सांगितलं होतं. सेवकराम भला माणूस, पण भिडस्त. म्हणाला, "मोठ्या लोकायच्या तोंडी कायले लागतं वं? अन् आपल्याच गावचा माणूस जिंकला. राहू दे." तिने राहू दिलं. पस्तीस वर्षं राहू दिलं. सेवकराम गेला, देवाजी गेला, नागपूरचे वकीलही गेल्याचं ऐकलं. डाग पाहिलेली माणसं जगात आता दोनच उरली होती.

आणि आता ते छापून येणार होतं. 'एका बाईने.'

मंगळवारी सकाळी तिचा पोरगा निकेश मोटारसायकल काढत होता, तर ही चप्पल घालून दारात उभी.

"कोठं निघाली आई?"

"लाखांदूरले."

"काहून?"

"काम आहे."

"मले सांग ना. मी फोन करतो."

"फोनवर बोलाचं काम नाही ते." आणि ती निघालीसुद्धा. निकेशने मागून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

पवनीपर्यंतच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. तिने खिडकीची काच पुसली. मग पुढच्या सीटची पाठ पुसली. शेजारच्या बाईने तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि आपली पिशवी मांडीवर घेतली. पवनीला उतरल्यावर मात्र कुंताबाईचं अवसान गळालं. काय बोलणार आपण? गुरुजी शिकलेले, पुस्तिका त्यांच्या घरची, नात त्यांची. उलट आपल्यालाच खोटं पाडतील. अड्याळला परत जाणारी गाडी समोर लागली होती. ती त्या गाडीत चढली. बसली. कंडक्टर आला तशी उठून खाली उतरली. स्टँडच्या नळावर पाणी प्यायली, दोन वेळा तोंड धुतलं, आणि लाखांदूरची गाडी आली तेव्हा पुन्हा विचार करायला वेळ मिळू नये म्हणून सगळ्यांच्या आधी धक्काबुक्की करून चढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. तिने काहीच पाहिलं नाही. सारखा एकच प्रश्न डोक्यात, आधी काय म्हणायचं, आणि मग काय म्हणायचं.

गुरुजींचं घर सापडायला वेळ लागला नाही. लाखांदुरात त्यांच्या हाताखालून गेलेले अर्ध्याहून अधिक. दार गुंजननेच उघडलं.

"अरे, आजी? या ना, या. आजोबा, पाहा कोण आलं."

घनश्याम गुरुजी खुर्चीत पेपर वाचत होते. आता पाठ वाकली होती, पण हात तसेच लांब. कुंताबाईला पाहून ते अर्धे उठले, मग पुन्हा बसले. या वेळी तोंड फिरवायला जागा नव्हती, घर त्यांचंच होतं.

"बसा," ते म्हणाले.

"बसाले नाही आलो मी, गुरुजी," कुंताबाई म्हणाली आणि बसली. लगेच उठली. "या पोरीनं लिवलं ते चुकलं. मी तिले बरोबर म्हटलं, ते बी चुकलं."

गुंजन वही घेऊन आली. "काय चुकलं, आजी?"

"मी आपल्या मनानं नाही पुसला तो डाग. मले सांगतलं होतं."

"कोणी?"

कुंताबाईने गुरुजींकडे पाहिलं. बसमध्ये तिने हेच ठरवलं होतं, नाव आपण घ्यायचं नाही, त्यांनी स्वतः बोलायचं. पंखा फिरत होता. गुरुजींनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मले काही आठवत नाही, कुंताबाई," ते म्हणाले. "पस्तीस वर्सं झाली."

तिला राग आला. गावाने नाव ठेवलं त्याचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

"मले आठवते," ती म्हणाली. "चार दिवसांपासून तर झोपेत बी आठवून राहिलं. तुमच्या पायात पांढरे जोडे होते. डाव्या जोड्याची नाडी सुटली होती. रॅकेटचं टोक तुमी डागाच्या बाजूला टेकवलं अन् म्हटलं, 'बाई, पुसा.' मोठ्यानं नाही म्हटलं. मलेच आयकू येईन असं म्हटलं. मी काय येडी आहे का, फायनल चालू असताना आपल्या मनानं आत जाऊन पुसाले?"

गुंजन आजोबांकडे बघत होती. शिकवणाऱ्या माणसाला लोकांच्या नजरा सोसायची सवय असते, पण नातीच्या नजरेची नसते. गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला.

"म्हटलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनीच नातीला सांगितलं, अगदी मास्तरी आवाजात, शब्द तोलून. "लिव गुंजन. डाग पुसाले मी सांगतलं. खेळणाऱ्यानं सांगतलं की पुसाचा, असा नियमच होता. सवयीनं बोलून गेलो. बाईची काही चूक नाही. एवढं लिव, अन् मागचं खोडून टाक."

गुंजनने लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. कुंताबाई ऐकत होती. हेच ऐकायला ती दोन गाड्या बदलून आली होती. पस्तीस वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. चहा आला. तिने बसून बशीत ओतून घेतला. आता दोन घोट प्यायचे आणि दुपारची गाडी धरायची, एवढंच उरलं होतं.

पण पोरगी अभ्यासू निघाली. पेन्सिल गालाला लावून म्हणाली, "मंग आजी, पुसाच्या आधी तुमी तर डाग जवळून पाह्यला असन ना? हेच तर कोठं लिवलं नाही. बॉल आत होता का बाहेर?"

कुंताबाईने बशी खाली ठेवली. गुरुजी तिच्याकडे पाहत होते. परीक्षेचे पेपर वाटताना नापास होणारं पोरगं मास्तरकडे जसं बघतं, तसे आता मास्तरच बघत होते. त्या नजरेतून तिला दोन गोष्टी कळल्या. यांनीही चुना पाहिला होता. आणि आपण आता 'दिसला नाही' म्हटलं तर दोघंही सुटतो. तिचं नाव धुतलं जाईल, त्यांची ढाल राहील, गाव गप्प बसेल. एक शब्द बोलायचा होता. जिभेवर आलाही होता.

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"आत होता," ती म्हणाली. "रेघेवर पडला होता. चुना फाटला होता, बोटभर."

गुंजनची पेन्सिल थांबली. "म्हणजे आजोबा हरले होते?"

"थांब, मले बोलू दे. नाही तर मंग मी बोलीन नाही." कुंताबाईने श्वास घेतला. आत्तापर्यंत जे तिने सेवकरामलाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघत होतं आणि तिलाच त्याची भीती वाटत होती. "गुरुजींनी सांगतलं म्हून मी पुसलं, हे खरं आहे. पण नुसतं तेवढ्यानं नाही. मले चुना दिसला होता. हात थांबवता आला असता. पंच पाच पावलावर होते, मी म्हणू शकत होतो, थांबा जी, साहेबाले पाहू द्या. नाही म्हटलं. आपल्या गावचा माणूस जिंकावं, असं मले बी वाटत होतं. भिंतीवर माया घरवाला बसला होता, सारं गाव बसलं होतं. मी पाहून पुसलं, बेटी. नागपूरवाल्याचं होतं ते मी घेतलं. लोकं मले नाव ठेवतेत ते सारंच खोटं नाही. हे बी लिव."

बोलून ती खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवरच. गुंजन वहीकडे बघत होती. आजोबांची ढाल तिने लहानपणापासून पाहिली होती. या विषयाचं वेडच तिला त्या ढालीपायी लागलं होतं.

"आजी, असं कसं लिहू मी?" ती म्हणाली. "तुमचं नाव साफ झालं होतं ना आता. हे छापलं तर लोकं तुमालेच बोलतीन. म्हणतीन, बाईनं कबूल केलं."

"म्हणू दे."

"सगळ्यात पहिले तुमचंच येईन ना त्यात. अंतिम सामन्याच्या पानावर. कुंताबाईनं चेंडू आत पडलेला पाहिला आणि..."

"नाही," घनश्याम गुरुजी म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, खुर्चीच्या पाठीला धरून. आवाज मास्तरी नव्हता आता, साध्या म्हाताऱ्या माणसाचा होता. "पहिले तिचं नको लिवू. तिच्या आधी मी वाकलो होतो. पहिले मी पाह्यला."

गुंजनने खोडलेलं पान फाडलं, नवं पान काढलं, आणि सगळ्यात आधी आजोबांचं नाव लिहिलं.